घूस बांध ओळखत नाही
(उसातील उंदीर-घुशींचा सामुदायिक बंदोबस्त)



लोकरी मावा पानावर पांढरा दिसतो, म्हणून माणूस लगेच जागा होतो. हुमणी लागली की ऊस पिवळा पडतो, उपटून येतो आणि शेतकरी धावत गट कार्यालयात येतो. पण उंदीर आणि घूस यांचे तसे नाही. हे जनावर रात्री काम करते, दिवसा जमिनीत राहते आणि त्याने केलेले नुकसान दाट उसात झाकून जाते. तोडणीला टोळी लागली, की मग कळते. बुडाशी कुरतडलेला, अर्धा वाळलेला, आतून लाल पडलेला ऊस सरीत पडलेला असतो. मुकादम म्हणतो, "मालक, हा काय मोळीत बांधू?" त्या वेळी हळहळून काय उपयोग?

आमच्या शेतकी खात्यातील मंडळी गटागटांतून फिरतात, तेव्हा घुशीबद्दल तक्रार जवळजवळ प्रत्येक गावी ऐकू येते. आणि प्रत्येक गावी तिच्यामागे एकच वाक्य जोडलेले असते: "माझ्या रानात नव्हत्या हो, शेजाऱ्याच्या बांधावरून आल्या." गंमत अशी, की शेजारीही हेच सांगतो. दोघांचेही खरे आहे. म्हणूनच या लेखात औषध किती टाकावे एवढेच सांगून आम्ही थांबणार नाही. ते सर्वांनी मिळून एकाच वेळी का टाकावे, हे पटवून देण्याचा आमचा हेतू आहे.

शत्रू ओळखा

आपल्या भागात शेतातील सगळ्याच कुरतडणाऱ्या जनावरांना आपण सरसकट उंदीर म्हणतो. परंतु बंदोबस्तासाठी फरक कळला पाहिजे.

उसाचा मुख्य शत्रू म्हणजे शेतातील घूस. अंग भरीव, तोंड आखूड, केस राठ, शेपूट अंगापेक्षा थोडे आखूड. डिवचल्यावर अंगावरचे केस फुलवून फिसकारते. हिला ओल लागते, म्हणून पाटाचे पाणी असलेल्या बागायतीत ती सुखाने नांदते. हिच्या बिळाची खूण अगदी पक्की आहे. तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग असतो आणि आत घूस असली तर बिळाचे तोंड ताज्या मातीने बुजवलेले असते. म्हणजे जे बीळ बंद दिसते ते रिकामे, असे समजू नये. ओलसर ताज्या मातीचा ढीग दिसला की घरमालकीण घरात आहे, असे धरावे.

दुसरा, मऊ केसांचा शेतातला उंदीर. हा अंगाने लहान, बीळ साधे, पुष्कळदा जमिनीच्या भेगांतही राहतो. तिसरा, लांब शेपटीचा व शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका असणारा, उड्या मारत पळणारा उंदीर. हा कोरड्या, हलक्या रानात जास्त. या दोघांची बिळे उघड्या तोंडाची असतात.

आता नुकसानीची खूण. लावणीनंतर लगेच कांडीवरचे डोळे कुरतडलेले आढळतात व तेथे उगवण होत नाही, नांग्या पडतात. फुटवे असताना कोवळा कोंब जमिनीलगत तिरका कापलेला दिसतो. येथे पुष्कळ सभासद खोडकिडा समजून फवारणी करतात. फरक सोपा आहे. खोडकिड्यात पोंगा वाळतो, ओढला की सहज निघून हातात येतो, त्याला घाण वास येतो आणि खोडाला बारीक गोल छिद्र असते. उंदराच्या कामात छिद्र नसते, दातांचा काप असतो. मोठ्या उसात बुडाकडील कांड्या कुरतडलेल्या असतात, त्यांवर शेजारी-शेजारी दोन दातांच्या खाचा उमटतात आणि खाली भुसा पडलेला असतो. संपूर्ण बेटच मोडून, चघळून चोथा टाकलेला असेल तर ते रानडुकराचे काम. त्याचा उपाय वेगळा.

नुकसान मोजावे कसे?

अंदाजपंचे बोलण्यापेक्षा मोजलेले बरे. शेताच्या चार कोपऱ्यांत थोडे आत शिरून आणि एक मध्यभागी, अशा पाच जागा घ्याव्या. प्रत्येक जागी ओळीने २० ऊस पाहावे. म्हणजे १०० ऊस झाले. त्यांत जितके कुरतडलेले, तितके टक्के नुकसान. इतका साधा हिशेब आहे.

समजा, एकरी ४० हजार ऊस आहेत आणि एक ऊस सरासरी एक किलोचा आहे, म्हणजे एकरी ४० टन. शंभरात पाच ऊस कुरतडलेले निघाले तर दोन हजार ऊस, म्हणजे दोन टन माल धोक्यात आला. त्यातला काही वाळून हलका होतो, काही मोडून सरीतच राहतो. पण खरी गोम पुढेच आहे. उसाला जखम झाली की तीतून लाल कूज रोगाची बुरशी व इतर जंतू आत शिरतात. रस आंबू लागतो, आतली साखर फुटते. असा ऊस काट्यावर वजन देतो, परंतु पोत्यात साखर देत नाही.

आता येथे प्रत्येक सभासदाने जरा थांबून विचार करावा. आपल्याला मिळणारा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, हा साखर उताऱ्याशी बांधलेला आहे, आणि उतारा एका सभासदाचा नसून साऱ्या कारखान्याचा धरला जातो. म्हणजे तुमच्या फडातली घूस माझ्या दराला कात्री लावते आणि माझ्या फडातली तुमच्या. घूस एकाची, तोटा सर्वांचा.

घुशीचा संसार

उंदीरवर्गाचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात. ते झिजवले नाहीत तर तोंड मिटता येणार नाही, म्हणून हे जनावर पोट भरलेले असले तरी कुरतडते. ऊस, ठिबकच्या नळ्या, केबल, काहीही. ठिबकच्या लॅटरलला भोके पडली आणि पाणी एकीकडेच वाहू लागले, तर दोष कंपनीला देण्याआधी जवळपास ताजी माती उकरलेली आहे का, ते पाहावे.

गर्भाचा काळ अवघा तीन आठवड्यांचा. एका वितीत सहा-आठ पिले सर्वसाधारण धरावी. पिले सुमारे तीन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. नुसता हिशेब करून पाहा. उन्हाळ्याच्या अखेरीस शिवारात दहा माद्या उरल्या आणि पावसाळ्यात प्रत्येकीने दोनदा सहा-सहा पिले घातली, तर १२० पिले झाली. त्यातली निम्मी मेली तरी दिवाळीपर्यंत ६० नवी तोंडे तयार. म्हणून मे महिन्यात मारलेली एक घूस ही डिसेंबरात मारलेल्या अनेक घुशींच्या बरोबरीची आहे, हे मनात पक्के ठसवावे.

शिवाय घूस साठेबाज आहे. धान्याची कणसे बिळात ओढून नेऊन साठवते. भाताच्या, गव्हाच्या रानात तिचे बीळ खणले तर आत किलोने धान्य सापडते. ऊस मात्र साठवावा लागत नाही. तो बारा ते अठरा महिने रानात उभाच असतो. आडसाली लावण म्हणजे घुशीला दीड वर्षाचे घर, अन्न आणि पाणी एकाच छपराखाली. त्यात ऊस लोळला तर विचारूच नका. लोळलेल्या उसाच्या खाली तिला ना घुबडाचे भय, ना माणसाचे.

काही समजुती आणि त्यांची उत्तरे

पहिली समजूत : "पाचट पेटवलं की उंदीर जातात." घुशीचे बीळ खोल असते. वरून धडधडत गेलेली आग दोन-चार मिनिटांत पुढे सरकते, तिची धग बिळाच्या तळाशी पोहोचत नाही. पेटते ते पाचट आणि त्यातील सेंद्रिय खत, मरतात ते जमिनीवरचे उपयोगी जीव. घूस संध्याकाळी बाहेर येते आणि खोडव्याचा कोवळा कोंब खाते. पाचट जाळू नये. ते कुट्टी करून सरीत ठेवावे व बांधालगत चार-पाच फुटांचा पट्टा मात्र स्वच्छ, मोकळा राखावा. उघड्यावरून जाणे उंदराला आवडत नाही.

दुसरी समजूत : "एखादं जनावर पाळलं की काम होतं." याचा एक धडा उसाच्याच इतिहासात आहे, आणि त्यात आपल्या देशाचे मुंगूसही आहे. १८७२ साली जमैका बेटावर एस्प्यूट नावाच्या मळेवाल्याने उसातील उंदरांसाठी कलकत्त्याहून नऊ मुंगसे नेली. सुरुवातीला उंदीर कमी झाले व त्याचा मोठा गाजावाजा झाला. तेथून ती १८८३ साली हवाई बेटांतही गेली. पण मुंगूस दिवसा हिंडणारे आणि उंदीर रात्री. मुंगसांनी मग पक्षी, सरडे, अंडी, कोंबड्या फस्त केल्या, आणि तेथे मुंगूस हाच एक उपद्रव होऊन बसला. बाहेरून आणलेला एकच उपाय सगळे काम करत नाही. आपल्याकडे मुंगूस मूळचेच आहे, ते राहू द्यावे, पण त्याच्यावर सगळा भार टाकून झोपू नये.

तिसरी समजूत : "घुबड अपशकुनी, धामण वाईट." पांढऱ्या तोंडाचे गव्हाणी घुबड मुख्यतः उंदरांवरच जगते. ते उंदीर अख्खा गिळते आणि केस-हाडांची गोळी तोंडावाटे टाकते. जुन्या वाड्यात, विहिरीच्या कपारीत त्याच्या बसण्याच्या जागेखाली अशा गोळ्या पाहायला मिळतात. एक फोडून पाहा, उंदरांच्या कवट्या दिसतील. यापेक्षा आणखी पुरावा कशाला? धामण बिनविषारी आहे. ती जनावराचे दूध पिते वगैरे गोष्टींत तथ्य नाही. ती बिळात शिरून उंदीर खाते. जे काम आपल्या हाताने होत नाही ते ती फुकट करते. तिला मारणे म्हणजे बिनपगारी राखणदाराला हाकलून देणे.

घुबडासाठी लावणीनंतर बांधावर व मोकळ्या पट्ट्यात आठ-दहा फूट उंचीच्या, वर आडवी काठी ठोकलेल्या मेढी रोवाव्या. ऊस गच्च मिटला की घुबडाला आत काही दिसत नाही. तेव्हा हा उपाय लहान पिकात आणि बांधाच्या कडेने चालतो, हे ध्यानात घ्यावे.

आधी शेताची व्यवस्था

विषाची पुडी हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. आधी पुढील कामे करावी.

बांधणी वेळेवर व भक्कम करावी म्हणजे ऊस लोळणार नाही. नत्राचा हप्ता उगाच वाढवून ऊस माजवू नये. वाऱ्याच्या कडेचा व लोळू लागलेला ऊस जागच्या जागी एकमेकांस बांधून उभा करावा. खालचे वाळलेले पाचट काढून सरीत अंथरावे, म्हणजे बुडाशी उजेड येतो आणि ताजी बिळे नजरेस पडतात. पाटाच्या व चारीच्या कडा दर पाळीला पाहाव्या. घुशीने पोखरलेल्या चारीतून रात्रीच्या पाळीचे पाणी शेजारच्या रानात जाते आणि सकाळी भांडण उभे राहते, हे आपण पाहतोच.

आता बांधाबद्दल. हा नाजूक विषय आहे, पण टाळून चालणार नाही. रुंद, गवताने व घाणेरीच्या झुडपांनी भरलेला बांध म्हणजे घुशींचे गावठाण. तेथे बिळे खणून काढली पाहिजेत. परंतु एकाने कुदळ उचलली की दुसरा म्हणतो, "बांध कोरतोय." मग बांध तसाच राहतो, घुशी तशाच राहतात आणि वाद तेवढा वाढतो. यावर आमची सूचना अशी : दोघा शेजाऱ्यांनी एकाच दिवशी समोरासमोर उभे राहावे, आधी खुणेचे दगड दोघांनी पाहून मान्य करावे, मग झुडपे काढावी, बिळे खणावी आणि माती पुन्हा त्याच जागी दाबून बसवावी. गरज वाटल्यास गटातील एखाद्या वडीलधाऱ्या सभासदाला सोबत घ्यावे. बांध कोणाचा हा प्रश्न मोजणीवाल्यांचा. बांधातली घूस मात्र दोघांची.

बिळे खणताना हात आत घालू नये. रिकाम्या बिळात नाग, घोणस आश्रयाला असतात. आधी काठीने चाचपावे. वाळल्या पाचटाजवळ बिळात धुरी देणेही टाळावे. एका ठिणगीने आख्खा फड जातो. सापळे लावायचे तर बांधालगत, घुशीच्या रोजच्या वाटेवर लावावे आणि दोन-तीन दिवस आमिष ठेवून सापळा न ताणता तसाच राहू द्यावा. सवय झाली की ताणावा.

विषारी आमिष : दिवसवार पाठ

उंदीर संशयी आहे. नवी वस्तू दिसली की थोडी चाखतो आणि वाट पाहतो. चाखून पोट दुखले की ते खाणे पुन्हा तोंडात घेत नाही. "औषधात भेसळ आहे, उंदीर खातच नाहीत," अशी तक्रार येते तिचे कारण बहुधा हेच असते. म्हणून आधी बिनविषारी आमिष देऊन विश्वास बसवावा लागतो.

पहिला दिवस, संध्याकाळ : शेतातील, बांधावरील, चारीवरील सर्व बिळे मातीने बुजवावी. घुशीच्या बिळावरचा मातीचा ढीग पसरून सपाट करावा.

दुसरा दिवस : जी बिळे पुन्हा उकरली गेली किंवा जेथे ताजी माती आली ती जिवंत बिळे. तेथे काडी रोवून खूण करावी व मोजून लिहून ठेवावी. ९८० ग्रॅम ज्वारी, बाजरी, गहू किंवा तांदळाचा भरडा व २० ग्रॅम गोडे तेल मिसळून प्रत्येक जिवंत बिळात सुमारे २० ग्रॅम टाकावे. यात विष नाही. घुशीच्या बिळाचे तोंड उकरून, भुयार मोकळे करून आत टाकावे.

पाचवा दिवस, संध्याकाळ : ९६० ग्रॅम तोच भरडा, २० ग्रॅम गोडे तेल व २० ग्रॅम झिंक फॉस्फाईड यांचे मिश्रण करावे. प्रत्येक जिवंत बिळात सुमारे १० ग्रॅमची कागदी पुडी काठीने खोल ढकलावी व तोंड हलकेच झाकावे. एक किलो मिश्रण १०० बिळांना पुरते.

सहावा दिवस, सकाळ : मेलेले उंदीर व बाहेर राहिलेल्या पुड्या गोळा करून खोल पुराव्या. सर्व बिळे पुन्हा बुजवावी.

त्यानंतर आठवड्याने : जी बिळे पुन्हा उघडली तेथे झिंक फॉस्फाईड पुन्हा देऊ नये. वाचलेला उंदीर आता शहाणा झालेला असतो. तेथे ब्रोमॅडिओलोन द्यावे. ०.२५ टक्क्याची भुकटी २० ग्रॅम, तेल २० ग्रॅम व भरडा ९६० ग्रॅम, बिळास सुमारे १५ ग्रॅम. हे विष रक्त गोठू देत नाही. उंदीर काही दिवसांनी मरतो, त्यामुळे बाकीच्यांना संशय येत नाही आणि यासाठी आधी सवय लावण्याची गरज पडत नाही.

ऊस मिटल्यावर बिळे सापडत नाहीत. अशा वेळी ब्रोमॅडिओलोनचे आमिष फुटभर लांबीच्या बांबूच्या नळीत किंवा पाईपच्या तुकड्यात ठेवून कडेच्या सऱ्यांत ठेवावे, म्हणजे पाऊस लागत नाही आणि पाखरांना मिळत नाही. नळ्या मोजून ठेवाव्या व मोजून परत आणाव्या.

दक्षता : हा भाग दोनदा वाचावा

झिंक फॉस्फाईड पोटात गेले की त्यातून विषारी वायू सुटतो. त्यावर नेमका उतारा नाही. म्हणून हे मिश्रण घरात, माजघरात, गोठ्यात कधीही करू नये. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, हातमोजे घालून, काठीने ढवळून करावे. भांडे व काठी वेगळी ठेवावी, ती पुन्हा घरच्या वापरात आणू नये. काम चालू असताना तंबाखू, विडी, पाणी काही घेऊ नये. उरलेले मिश्रण "उद्या लागेल" म्हणून फळीवर ठेवू नये, पुरून टाकावे. पीठ-धान्यासारखे दिसणारे हे विष लेकराच्या हाती लागले तर एका घुशीपायी घर उजाड होईल. कुत्री, कोंबड्या, शेरडे यांना त्या दिवसांत बांधून ठेवावे.

चुकून कोणाच्या पोटात गेले तर घरगुती उपाय करत वेळ दवडू नये. डबा किंवा पाकीट बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. ब्रोमॅडिओलोनच्या बाबतीत पहिले दोन-तीन दिवस काहीच लक्षण दिसत नाही, तरीही जावे. त्यावर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे आणि तो वेळेत मिळाला पाहिजे.

अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांच्या विक्रीवर व वापरावर कायद्याचे निर्बंध आहेत. त्या प्रशिक्षित माणसांखेरीज कोणी हाताळू नयेत. भज्यांत, कणकेत कीटकनाशक कालवून टाकण्याचा प्रकार तर पूर्ण बंद व्हावा. या कामी काही जण वापरत असलेले फोरेट हे औषध ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद झालेले आहे. जुना साठा कोणाकडे पडून असेल तर तो वापरू नये. कुंपणाच्या तारेत वीज सोडणे हा तर गुन्हाच आहे. त्यात रात्री पाणी धरायला गेलेला आपलाच माणूस सापडतो.

तोडणी कामगारांचा विचार

आपला ऊस तोडायला माणसे घरदार सोडून येतात. पहाटे ओल्या फडात शिरतात, पायाला पाचटाचे काप असतात, हाताला कोयत्याचे. उंदराच्या मुतातून ओल्या मातीत व पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि अशाच जखमांवाटे शरीरात शिरतात. ही काही पुस्तकी भीती नाही. ऑस्ट्रेलियातील उत्तर क्वीन्सलँडच्या ऊसपट्ट्यात १९३४-३५ साली तोडणी कामगार याच आजाराने पडू लागले. उंदीर निघून जावेत म्हणून तोडणीआधी फड जाळावा, या मागणीसाठी त्यांनी संप केला. तेथे मग ऊस जाळून तोडण्याची रीत पडली. आपल्याकडे जळालेला ऊस वेळेत गाळपाला गेला नाही तर रस बिघडतो, हे आपण जाणतो. तेव्हा फड न जाळता माणसे सुरक्षित ठेवायची असतील तर टोळी येण्याआधी उंदीर कमी करणे, हाच मार्ग आपल्या हाती आहे.

टोळीतील कोणाला ताप, पोटऱ्या फुटल्यासारखी अंगदुखी, डोळे लाल किंवा पिवळे अशी लक्षणे दिसली तर थंडीवाऱ्याचा ताप म्हणून सोडू नये. सरकारी दवाखान्यात न्यावे आणि "हा उसात काम करतो" हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. लवकर औषध मिळाल्यास हा आजार बरा होतो. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये, फावड्याने उचलून पुरावा. त्याच्या अंगावरील पिसवाही रोग पसरवतात. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेग दिसला होता, याची आठवण ठेवावी.

शिवार एक, दिवस एक

आता मुख्य मुद्दा. एका सभासदाने आपल्या दोन एकरांत सगळे पाठ बिनचूक केले, तरी महिना-दीड महिन्यात शेजारच्या बिळांतल्या घुशी रिकाम्या घरात राहायला येतात. त्याचा खर्च वाया जातो आणि तो म्हणतो, "औषधात दम नाही." औषधात दम आहे, एकट्या माणसात नाही. तोडणीच्या वेळीही हेच. एक फड तुटला की त्यातले उंदीर शेजारच्या उभ्या उसात जातात. शेवटी तोडला जाणारा फड साऱ्या शिवाराचे उंदीर पोसतो.

म्हणून गटवार असा कार्यक्रम आखावा. पहिली फेरी मे महिन्यात, पावसाआधी. तेव्हा रान मोकळे असते, खायला कमी असते, बिळे स्पष्ट दिसतात आणि विण्याचा मोठा हंगाम पुढे असतो. ओढ्याच्या किंवा रस्त्याच्या आतला सलग टापू एक समजून त्यातील सर्व खातेदारांनी एकाच संध्याकाळी बिळे बुजवावी व एकाच संध्याकाळी आमिष टाकावे. उसाखेरीज भाजी, गहू, चारा करणाऱ्यांनाही सामील करून घ्यावे. घूस सभासद-बिगरसभासद पाहत नाही. दुसरी फेरी पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास, बांध, चाऱ्या व कडेच्या सऱ्यांवर. तिसरे काम फड तुटल्यावर आठ दिवसांत, खोडव्याला फूट येण्याआधी. प्रत्येक फेरीत जिवंत बिळे किती होती व नंतर किती उरली, हे वहीत लिहावे. आकडा निम्म्याहून खाली आला नाही तर काम कोठे राहिले, ते त्याच आठवड्यात शोधता येते.

ज्यांना स्वतः काम जमत नाही, अशा वयोवृद्ध किंवा एकट्या बायामाणसांच्या शेतावरची बिळे टापूतील तरुणांनी करावी. एक शेत सुटले तर सगळ्यांचा खर्च सुटला, असे समजावे. आमिषाचे प्रमाण करून दाखवणे, खुणा ओळखायला शिकवणे यासाठी आपल्या चिटबॉयला किंवा गट कार्यालयाला कळवावे. आम्ही येऊ.

विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा एकेकट्या शेतकऱ्याला जे जमत नव्हते ते हजारोंच्या भागांतून जमले. काटा एक झाला, गव्हाण एक झाली, दर एक झाला. मग घुशीच्या बाबतीतच आपण एकेकटे का? गाव करील ते राव काय करील, हे आपल्या वाडवडिलांनी उगाच म्हटलेले नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. ताज्या मातीने बुजलेले बीळ म्हणजे जिवंत बीळ.
२. पाच जागी वीस-वीस ऊस पाहून नुकसान मोजावे.
३. पाचट जाळू नये, बांधालगतचा पट्टा स्वच्छ ठेवावा, ऊस लोळू देऊ नये.
४. आधी बिनविषारी आमिष, मग विष. तेच विष लागोपाठ दोनदा नको.
५. विष घरात नको, उघड्या हाताने नको, उरवून नको.
६. मे महिना चुकवू नये.
७. बांध दोघांचा, दिवस एकच.

— ऊस विकास अधिकारी